काका लांडगा झाला तेव्हा

सप्टेंबर संपत आला की न्यू जर्सीत दुकानांच्या दारांशी भोपळ्यांचे ढीग लागतात आणि मला लहान मुलांच्या आयांचे फोन यायला लागतात. ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन असतो. त्या संध्याकाळी मुलं सोंगं घेऊन दारोदार जातात आणि 'ट्रिक-ऑर-ट्रीट' म्हणत कँडी मागतात. "हॅलोवीनला मुलांना कुठे न्यावं?" हा प्रश्न खरं तर समुपदेशकाचा नाही. गावच्या लायब्ररीतल्या बाई त्याचं माझ्यापेक्षा चांगलं उत्तर देतील. पण तो माझ्यापर्यंत येतो तेव्हा त्याच्या पोटात दुसरा एखादा प्रश्न दडलेला असतो.

ही गोष्ट २०२४ सालची. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नवरा-बायको दोघंही आयटीत, एडिसनजवळ अपार्टमेंटमध्ये राहणारे. मुलगा साडेतीन वर्षांचा, त्याला इथे छोटू म्हणू. धाकटी दीड वर्षाची. सासूबाई सहा महिन्यांसाठी गोव्यातल्या फोंड्याहून आलेल्या. छोटूच्या आईनं भेटीआधी जे लिहून पाठवलं होतं, ते थोडक्यात असं: "आमच्या बिल्डिंगमध्ये ट्रिक-ऑर-ट्रीटला कुणीच येत नाही. मागच्या वर्षी दुसऱ्यांच्या सोसायटीत नेलं तर पोरगा दुसऱ्याच दारात किंचाळायला लागला, मग गाडीतून उतरेना. ग्रुपवर सगळ्यांच्या मुलांचे फोटो, आमचाच नाही. यंदा लहान मुलांसाठी चांगलं काय आहे? आणि तो नाही म्हणाला तर थोडी जबरदस्ती करावी का?"

पहिल्या भेटीत त्यांनी फोनवर एक एक्सेल शीट उघडलं. शेतावर भोपळे आणायला जाणं, गवताच्या गाडीतून फेरी, प्राणिसंग्रहालयातला कार्यक्रम, मॉलमध्ये दुकानोदुकानी कँडी, लायब्ररीतला गोष्टींचा तास, प्रीस्कूलची परेड, मंडळाची वेशभूषा स्पर्धा. तीन शनिवार-रविवारांत अकरा ठिकाणं. पोशाख तीन विकत घेऊन झाले होते. छोटूनं त्यातला एकही अंगाला लावू दिला नव्हता.

"मागच्या वर्षी त्या दुसऱ्या दारात नेमकं काय झालं?" मी विचारलं.

उत्तर बाबांनी दिलं. ते घर त्यांच्याच मित्राचं होतं. छोटू त्या काकाच्या खांद्यावर बसून हिंडलेला. काकानं लांडग्याचा मुखवटा घालून दार उघडलं. छोटू जागीच थिजला. काकाच्या लक्षात आलं, त्यानं चटकन मुखवटा काढला आणि म्हणाला, "अरे, मीच आहे!" आणि छोटू किंचाळला तो त्यानंतर.

"तेच तर कळत नाही," आई म्हणाली. "मुखवटा काढल्यावर कशाला रडायचं?"

१९६९ साली ऱ्हेटा डीव्रीज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेनार्ड नावाचं एक गरीब स्वभावाचं मांजर त्यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांपुढे आणलं. मुलांनी त्याला कुरवाळलं. मग मांजराचं मागचं अंग मुलांना दिसत राहील अशा बेतानं त्याच्या तोंडावर उग्र कुत्र्याचा मुखवटा चढवला. सहा वर्षांची मुलं साधारणपणे म्हणाली, हे मांजरच आहे, वरून कुत्रा दिसतंय. तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांना मात्र तो आता खरोखर कुत्राच वाटला. मांजर त्यांच्या डोळ्यांसमोरून हललंही नव्हतं.

छोटूचं तेच झालं होतं. काकानं लांडग्याचं तोंड लावलं असं त्यानं पाहिलंच नाही. त्यानं पाहिलं की काका लांडगा झाला आणि लांडग्याचा पुन्हा काका झाला. म्हणजे आता कुठलाही काका कधीही लांडगा होऊ शकतो. बाबाही. मुखवटा काढून आपण त्याची समजूत घालत नव्हतो, ही नवी बातमी त्याला देत होतो.

जबरदस्तीच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच मिळालं, त्यावर फार बोलावं लागलं नाही.

पण एक चूक माझी, तीही सांगायला हवी. अकरातलं एकच काही निवडा असं मी म्हटलं आणि ट्रंक-ऑर-ट्रीट सुचवलं. एखाद्या शाळेच्या किंवा चर्चच्या पार्किंगमध्ये लोक गाड्यांच्या डिक्क्या सजवून ओळीनं उभ्या करतात आणि मुलं डिक्की ते डिक्की कँडी गोळा करत जातात. उजेड असतो, रहदारी नसते, अपार्टमेंटमधल्या लोकांची सोय होते. लहान मुलांसाठी हे सगळ्यात सोपं, असं मी बरीच वर्षं सांगत आले होते. शनिवारी २६ तारखेला ही मंडळी गेली आणि तासाभरात आईचा फोन आला. चौथ्या डिक्कीत समोरून कुणी गेलं की आपोआप उठून बसणारा सांगाडा होता. छोटू गाडीत जाऊन बसला होता आणि वीस मिनिटं झाली तरी सीटबेल्ट सोडू देत नव्हता. "ताई, तुम्ही तर म्हणालात हे सोपं असतं."

मला त्या दिवशी कळलं ते असं. रस्त्यावरच्या ट्रिक-ऑर-ट्रीटमध्ये एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत चालावं लागतं. बाबांचा हात असतो, पिशवीत काय पडलं ते पाहता येतं, "आता कुठलं घर?" असं विचारता येतं. तेवढ्या पन्नास पावलांत मूल पुन्हा सावरतं. डिक्क्यांच्या रांगेत ही पावलंच नसतात. एकाला लागून दुसरं, त्याला लागून तिसरं, आणि आवाज सगळीकडून. धीट मुलांची तिथे मजाच होते. छोटूसारख्या मुलाला मात्र मधलं चालणंच हवं होतं आणि मी नेमकं तेच काढून घेतलं होतं.

पुढच्या भेटीला सासूबाईही आल्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, "मी काही मानसशास्त्र शिकले नाही. पण ऐन दिवाळीत सांगाडे कशाला टांगायचे दाराला? आणि पोरांनी दारोदार मागत फिरायचं?" त्या वर्षी नरकचतुर्दशी आली होती गुरुवारी, नेमकी ३१ ऑक्टोबरला. पहाटे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी भुतं, हे काही त्यांच्या पचनी पडेना.

मागण्याचा मुद्दा संक्रांतीला तिळगुळाचा डबा घेऊन हिंडणाऱ्या पोरांची आठवण काढल्यावर मिटला. (आयोवातल्या डे मॉइन गावात मुलं दारात आधी एक विनोद सांगतात आणि मग कँडी घेतात, हे तर त्यांना फारच आवडलं.) भुतांचं मी त्यांनाच विचारलं, "आजी, फोंड्यात नरकासुर केवढा करतात?"

बाई खुलल्या. दोन-दोन पुरुष उंच, लाल डोळे, बाहेर आलेले सुळे. आदल्या रात्रभर पोरं तो मिरवतात आणि पहाटे जाळतात. मग अंगणात कारीट डाव्या पायाच्या अंगठ्यानं फोडायचं.

"मग मुलं घाबरत नाहीत?"

"घाबरतील कशी? आठ दिवस आधीपासून तीच तर गवत भरतात त्याच्या पोटात. ह्याचा बाबा चार वर्षांचा असताना नरकासुराच्या विजारीत हात घालून बसायचा." आणि सुनेकडे वळून, "त्यानं पाहिलेलं असतं ना, आत काय आहे ते."

मी माझ्या वहीत जे दहा ओळींत लिहून ठेवलं होतं, ते बाईंनी एका वाक्यात सांगितलं. मी वही मिटली आणि पुढचं काम आजींवरच सोपवलं.

घरी दोन संध्याकाळी तेच चाललं. बाबांची जुनी पायजमा-बनियन, त्यात चुरगळलेले जाहिरातींचे कागद, वर कागदी ताटलीचं तोंड. सुळे छोटूनं चिकटवले, एक वर आणि एक गालावर. मग तीच ताटली बाबांनी आरशासमोर हळूहळू तोंडापाशी नेली. कुठे थांबायचं ते छोटू सांगणार, हा नियम. पहिल्यांदा हनुवटीवर थांबा, मग नाकावर थांबा. तिसऱ्या खेपेला त्यानं स्वतःच ढकलून ती बाबांच्या तोंडावर बसवली आणि मागून वाकून बघितलं, बाबा आहेत का. होते. त्यानंतर बेडरूमच्या दारावर टकटक. आत आजी, हातात शंकरपाळ्यांची वाटी. "ट्रिक-ऑर-ट्रीट" म्हणायचं, एक घ्यायचं, "थँक यू" म्हणायचं. चार-पाच खेपांनंतर छोटू म्हणाला, "आता मी आत. तू वाजव."

हे आईनं हसत सांगितलं, पण मला ते महत्त्वाचं वाटलं. दार वाजवणाऱ्याला पलीकडे कोण आहे ते ठाऊक नसतं. दार उघडणारा आपल्याच घरात, आपल्या माणसांत उभा असतो.

आता त्यांच्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण तोही खोटा नव्हता. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी जायचं कुठे? आधी आपल्या गावाच्या पालिकेनं वेळ ठरवून दिली आहे का ते पाहावं. काही गावांत ती ठरलेली असते, काही ठिकाणी दिवससुद्धा वेगळा असतो. मग फुटपाथ असलेली, घरं जवळजवळ असलेली एखादी गल्ली शोधावी, शक्यतो जिथे आपल्या ओळखीचं एक तरी घर आहे. व्हरांड्यातला दिवा चालू असेल तर दार वाजवायचं, बंद असेल तर पुढे जायचं, हा अलिखित नियम सगळेच पाळतात. आपल्याकडे ३१ ऑक्टोबरला सूर्य सहाच्या थोडा आधी मावळतो. मोठी मुलं, खरी भयानक सोंगं आणि धुराची यंत्रं त्यानंतर बाहेर पडतात. म्हणून साडेचारला निघावं आणि अंधार पडायच्या आत घरी यावं. ज्या गावात मुख्य रस्त्यावरचे दुकानदार दुपारीच कँडी वाटतात, ती गावं तर दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी सोन्यासारखी. एखाद्या दारात निळसर-हिरवा भोपळा दिसला तर तिथे खाऊऐवजी स्टिकर, पेन्सिल, छोटी खेळणी मिळतात. ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी सुरू झालेली ही रीत दीड वर्षाच्या मुलीलाही चालते, कारण तिला टणक गोळ्या आणि दाणे घातलेलं काही द्यायचंच नसतं, घशात अडकतं.

शाकाहारी घरांसाठी एक आगाऊ सूचना. चिकट, चघळायच्या गोळ्यांत बऱ्याचदा जिलेटिन असतं, कँडी कॉर्न नावाच्या, मक्याच्या दाण्यांसारख्या दिसणाऱ्या गोळ्यांतही असतं, आणि स्निकर्समध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो. वेष्टनं घरी आल्यावर मुलाच्या माघारी वाचावीत. दारात उभं राहून वाचत बसलात तर मागे रांग लागते. हे मी अनुभवानं सांगते आहे.

छोटूच्या आईला मी म्हटलं, अकरा ठिकाणांची यादी राहू द्या. तीन दारं ठरवा, तिन्ही ओळखीची. तिन्ही घरी आधी फोन करून सांगा की मुखवटा घालू नका. तिसऱ्या दारात तिथल्या मावशींजवळ त्याला कँडी वाटायला बसू द्या. फोटो काढायचाच असेल तर निघण्याआधी घरात काढा.

"तीनच?" त्यांचा चेहरा पडला. मग थोड्या वेळानं त्या जे बोलल्या, त्यासाठीच बहुधा त्या आल्या होत्या. "ताई, इथे येऊन आम्हाला पाच वर्षं झाली. कुणाच्या घरी बेल वाजवून जावं अशी तीन घरं शोधायला मला विचार करावा लागतोय."

त्या दिवसाचं उरलेलं बोलणं मुलाबद्दल नव्हतं.

३१ तारखेला ऑक्टोबर संपतोय असं वाटूच नये इतकी हवा गरम होती. पोशाखावर जाकीट घालायचं की आत, हा इथल्या आयांचा दरवर्षीचा वाद त्या वर्षी झालाच नाही. पहाटे उटणं लावून अंघोळी झाल्या. कारीट कुठून मिळणार. आजींनी इंडियन स्टोअरमधलं तोंडलं फोडलं. कागदांचा नरकासुर जाळला असता तर स्मोक अलार्म वाजून फायर ब्रिगेडच आली असती, म्हणून त्याचं पोट फाडून कागद रिसायकलिंगच्या डब्यात टाकले. ते छोटूनं केलं, फार आवडीनं. विकतच्या तीन पोशाखांपैकी एकही त्यानं घातला नाही. तो दिवाळीचा नवा कुर्ता घालून गेला. विचारणाऱ्याला सांगत होता, "मी कृष्ण."

पहिल्या दारात तो आईच्या मागून बोलला. दुसऱ्या दारात स्वतः हात घातला आणि मूठभर उचलली, त्यातली परत ठेवायला लावल्यावर रुसला. तिसऱ्या घरी पायरीवर मावशींशेजारी टोपली मांडीवर घेऊन बसला. अंधार पडायच्या थोडा आधी दहा-बारा वर्षांचा एक मुलगा सांगाड्याचा मुखवटा घालून आला. आई उठायला लागली, बाबांनी तिचा हात धरला. छोटूनं टोपली मागे घेतली, क्षणभर पाहिलं आणि मराठीत विचारलं, "आत कोण आहे?"

त्या मुलाला भाषा कळली नाही, पण काय विचारलं ते कळलं असावं. त्यानं मुखवटा कपाळावर सरकवला. छोटूनं त्याला दोन चॉकलेटं दिली.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात छोटूच्या आईचा निरोप आला. यादी नव्हती. बिल्डिंगच्या ऑफिसमधून परवानगी काढून त्यांनी प्रत्येक दाराखालून एक कागद सरकवला होता: ज्यांना मुलं आलेली चालतील त्यांनी हा भोपळा दारावर चिकटवावा. "सहा दारांवर लागलाय," त्यांनी लिहिलं होतं. "सासूबाई फोंड्याहून विचारतायत, चकल्या पाठवू का वाटायला. घरी केलेलं, वेष्टन नसलेलं इथे कुणी मुलांना खाऊ देत नाही, हे त्यांना कसं सांगू?"

त्यावर मात्र माझ्याकडे अजून उत्तर नाही.