नंबर कसा लागतो? देशांची स्पर्धा, बायकांची बरोबरी आणि वाचकांचे प्रश्न

प्रश्न : क्लासमध्ये सांगतात की ज्या देशात स्त्री-पुरुष समानता जास्त, तो देश आर्थिक स्पर्धेतही पुढे असतो. आकडेवारीत हे खरंच दिसतं का? पेपरमध्ये लिहायचं तर कसं लिहू? (स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी वाचक, पुणे)

अर्धंच दिसतं, आणि राहिलेलं अर्धं तुम्ही लिहिलंत तर उत्तर चांगलं होईल. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम ही संस्था दोन्ही गोष्टी मोजायची, त्यामुळे २०१९ सालचे तिचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून बघा. ऑक्टोबरमध्ये स्पर्धाक्षमतेचा आला, १४१ देशांचा, त्यात सिंगापूर पहिलं आणि भारत ६८ वा. डिसेंबरमध्ये जेंडर गॅपचा, म्हणजे स्त्री-पुरुषांमधल्या दरीचा आला, १५३ देशांचा, त्यात आइसलँड पहिला आणि भारत ११२ वा. आता जपान बघा, स्पर्धेत ६ वा पण जेंडर गॅपमध्ये १२१ वा, म्हणजे आपल्याही खाली. रवांडाचं बरोबर उलटं, जेंडर गॅपमध्ये ९ वा आणि स्पर्धेत १००वा.

असं होतं कारण दोन्हीकडे मोजतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत. स्पर्धेच्या निर्देशांकात रस्ते, बंदरं, बँका, कोर्टकचेऱ्या, आरोग्य, शिक्षण, संशोधन असे १२ खांब आणि त्यात १०३ निकष होते, त्यात बायकांशी संबंधित निकष अगदी थोडे. जेंडर गॅप मात्र देश श्रीमंत आहे की गरीब हे बघतच नाही, फक्त पुरुष आणि बाई यांच्यातलं अंतर बघतो. दोघांनाही कमी मिळत असेल तरी अंतर कमीच येतं. रवांडात १९९४ च्या नरसंहारानंतर बायका मोठ्या संख्येनं कारभारात आल्या, २००३ च्या राज्यघटनेनं ३० टक्के जागा राखून ठेवल्या आणि पुढे संसदेत ६० टक्क्यांच्या वर बायका गेल्या. ही मोठीच गोष्ट आहे पण त्यानं देशातली गरिबी गेली असं नाही. जपानमध्ये मुली शिकतात, बायका आयुष्यही भरपूर जगतात, कमावत्या वयातल्या ७० टक्क्यांहून जास्त बायका कामावर आहेत, पण मूल झालं की कित्येकींची पक्की नोकरी सुटते आणि परत येतात त्या पार्टटाइमवर, मग मॅनेजरच्या खुर्चीत आणि संसदेत बाई कमीच दिसते. नेतृत्वाच्या जागांवर २०२० पर्यंत ३० टक्के बायका आणू असं सरकारनं २००३ मध्येच ठरवलं होतं, ते झालं नाही, पुढे ढकललं.

तेव्हा दोन्हींचा संबंध आहे हे लिहा, कारण निम्म्या लोकांची हुशारी वापरलीच नाही तर देशाचं नुकसान होतं हे उघड आहे. पण समानता आली की नंबर आपोआप वर जातो असं लिहू नका. आणि स्पर्धाक्षमतेचा हा नंबर २०२० पासून फोरमनं थांबवलाय, नोट्समध्ये अजून 'दरवर्षी येतो' असं असेल तर खोडा. आता जो दरवर्षी येतो तो स्वित्झर्लंडमधल्या आयएमडी या मॅनेजमेंट स्कूलचा, २०२५ मध्ये त्यात ६९ देशांत आपण ४१ वे होतो.

प्रश्न : २०२५ च्या जेंडर गॅपमध्ये भारत १४८ देशांत १३१ वा अशी बातमी वाचली. आमच्या भागातल्या बायका ऊसतोडीला पुरुषाच्या बरोबरीनं राबतात, मग कामाच्या बाबतीत आपण एवढे मागे कसे? (एक शिक्षिका, बीड जिल्हा)

मॅडम, तुमच्या प्रश्नानं या मोजणीतलं सगळ्यात कच्चं ठिकाण बरोबर धरलंय. तोडीला जाणारं जोडपं म्हणजे एक कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडप्याला, दर लागतो तो टनावर, आणि पैसे बहुतेक वेळा जातात नवऱ्याच्या हातात. ती पहाटे उठून भाकऱ्या करणार, दिवसभर तोडणार, मोळ्या बांधणार, डोक्यावरून ट्रकपर्यंत नेणार, कोपीवर, म्हणजे तोडीच्या जागेवरच्या झोपडीत, परत आली की पाणी, चूल, पोरं. एवढं करून त्या उचलीतले तिचे किती हे कुठल्या कागदावर येत नाही. आता निर्देशांकात काय मोजतात ते बघा. एक निकष आहे अंदाजे कमाईचा, त्यात २०२५ मध्ये भारताला जवळपास ३० टक्के मिळाले, म्हणजे पुरुषाच्या एक रुपयामागे बाईचे साधारण ३० पैसे, आणि हा सगळा हिशोब अंदाजाचा आहे. दुसरा निकष सारख्या कामाला सारखा पगार आहे का याचा, आणि हे विचारतात कोणाला तर कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना, एक ते सात मार्क द्या म्हणून! कोयत्यावरच्या बाईला हे कोणी विचारायला येत नाही आणि त्या साहेबाला कोयता म्हणजे काय हे माहीत असण्याचं कारण नाही. माझ्या मते या निकषावर इतकी भिस्त ठेवायलाच नको.

म्हणून रिपोर्ट खोटा आहे असं मात्र म्हणू नका. दरी खरी आहे. सरकारच्याच २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची रोजची २८९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांची ८८. श्रमबळाच्या सरकारी पाहणीत १५ वर्षांवरच्या बायकांचा कामातला सहभाग २०१७-१८ ला २३.३ टक्के होता तो २०२३-२४ ला ४१.७ वर गेला, ऐकायला झकास वाटतं, पण त्यात घरच्या शेतीत नाहीतर दुकानात बिनपगारी हात लावणाऱ्याही धरलेल्या आहेत. हातात पैसा किती आला हे वेगळंच विचारायला लागतं.

आणि तुम्ही बीडच्या, म्हणून हेही सांगते. जेंडर गॅपच्या आरोग्याच्या भागात आपला नंबर तळाला असतो त्याचं मोठं कारण जन्माच्या वेळचं मुलग्या-मुलींचं प्रमाण. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे ९०० मुलीसुद्धा नव्हत्या आणि बीडची अवस्था राज्यात सगळ्यात वाईट. गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं पहिलं राज्य आपलंच, १९८८ साली, देशाचा कायदा त्यानंतर १९९४ ला आला. तरी ही वेळ आली, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या, मी स्वतः पाच वर्षं सरपंच होते. मग राजकारणात देशाचे मार्क कमी कसे पडतात? (वाचक, सातारा जिल्हा)

ताई, पंचायत जेंडर गॅपच्या राजकारणाच्या मार्कांत धरतच नाहीत. मोजतात फक्त तीन गोष्टी, संसदेतल्या बायका, मंत्रिपदावरच्या बायका आणि गेल्या ५० वर्षांत किती वर्षं देशाच्या प्रमुखपदी बाई होती. या तिसऱ्यामुळे आपलं बरीच वर्षं निभावलं, इंदिरा गांधींचा काळ त्यात यायचा म्हणून, पण ही ५० वर्षं दरवर्षी पुढे सरकतात आणि १९६६ पासूनची वर्षं एकेक करून हिशोबातून गळत गेली. दुसरी गोष्ट मंत्र्यांची. २०१९ ला महिला मंत्री २३.१ टक्के होत्या, २०२१ पर्यंत ९.१ वर आल्या, आणि राजकारणाच्या भागात आपण १८ व्या नंबरवरून एका झटक्यात ५१ वर घसरलो. लोकसभेत २०१९ ला ७८ बायका निवडून आल्या होत्या, २०२४ ला ७४. लोकसभा-विधानसभेत बायकांसाठी एक तृतीयांश जागांची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली खरी, पण तिला जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेची अट लावलेली आहे.

तुमची पाच वर्षं मोजायलाच हवी होती असं मला मनापासून वाटतं, कारण गावचं पाणी, शाळा, रस्ता हे सगळं तिथंच ठरतं. पण पंचायतीत बायकांना राखीव जागा देणाऱ्या ७३ व्या घटनादुरुस्तीला तीस वर्षं होऊन गेली, राज्यात निम्म्या जागा होऊनही दशक उलटलं, आणि सरपंच झालेल्या बायकांना पक्ष आमदारकीचं तिकीट का देत नाहीत, हे आता तालुक्याच्या पुढाऱ्यांना तुमच्यासारख्यांनीच विचारायला पाहिजे.

प्रश्न : 'उद्योग करायला सोपा देश' या यादीत भारत १४२ वरून ६३ वर आला होता. पुढचे नंबर का दिसत नाहीत? (छोटे उद्योजक, ठाणे)

ती यादीच बंद झाली. जागतिक बँकेची होती, २०१८ आणि २०२०च्या रिपोर्टमध्ये काही देशांच्या आकड्यांत गडबड सापडली, त्यात चीन आणि सौदी अरेबियाही होते, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेनं ती कायमची थांबवली. आणि साहेब, भारताचा नंबर लावताना त्यात फक्त मुंबई आणि दिल्ली ही दोनच शहरं बघायचे. तुमच्या वर्कशॉपला वीज जोडणी मिळायला किती दिवस लागले हे त्या ६३ मध्ये कधीच नव्हतं.