त्रिकोणी जाळीचा कागद आणि ठोकळ्यांची नक्षी

प्रश्न : जुन्या सुती साड्यांच्या तुकड्यांतून ठोकळ्यांच्या नक्षीचा अभ्रा शिवावा, म्हणून मी पाच सेंटिमीटर बाजूच्या त्रिकोणांची जाळी कागदावर छापून घेतली. सगळीकडून सहा मिलिमीटर माया (शिवणीसाठी सोडायचे जादा कापड) हवी म्हणून बाजू बारा मिलिमीटरने वाढवून कापड कापले, तरी जोडल्यावर तुकडे लहान भरतात आणि सहा टोके एका बिंदूत येत नाहीत. छपाई चुकली असेल का? हाच कागद रांगोळीला चालेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : छपाई एकदा तपासावी. ‘फिट टू पेज’ निवडल्यास जाळी किंचित आकसते, म्हणून शंभर टक्के मापावर छापून सलग तीन त्रिकोणांची बाजू पंधरा सेंटिमीटर भरते का, हे पट्टीने पाहावे. मात्र सर्वच पाने सारखी आकसली असतील, तर त्यामुळे जोड बिघडत नाही. दोन वेगळ्या मापांची पाने मिसळली की बिघडतो.

आपली खरी अडचण मायेच्या हिशेबात आहे. चौरसाला बारा मिलिमीटर पुरतात, पण समभुज त्रिकोणाचे कोन साठ अंशांचे असल्यामुळे सगळीकडून सहा मिलिमीटर माया धरली, की बाजू सुमारे एकवीस मिलिमीटरने वाढते. म्हणजे कापड जवळपास ७.१ सेंटिमीटर बाजूचे कापावे लागते. गणित नको असेल, तर कागदी त्रिकोण कापडावर ठेवून प्रत्येक कडेला समांतर, सहा मिलिमीटर बाहेर रेघ मारावी, टोके आपोआप पुढे जातात.

ठोकळ्यांसाठी मात्र सुटे त्रिकोण शिवूच नयेत, असे माझे मत आहे. जाळीवरचे लगतचे दोन त्रिकोण मिळून जो समभुज चौकोन होतो, तो अखंड कापावा. फिका, मध्यम आणि गडद असे तीन चौकोन जोडले की ठोकळा उभा राहतो (फिका रंग सगळीकडे वरच्याच बाजूला हवा, नाहीतर भास मोडतो), शिवाय ठोकळ्याच्या मध्यावर सहाऐवजी तीनच रुंद कोन भेटतात. चौकोनाच्या समोरासमोरच्या दोन बाजू कापडाच्या उभ्या धाग्याला समांतर ठेवल्या, तरी उरलेल्या दोन तिरक्याच पडतात आणि उरेब (धाग्याला तिरक्या कापलेल्या) कापडासारख्या ताणल्या जातात. त्यामुळे इस्त्री सरकवू नये, दाबून उचलावी. हाताने शिवणार असाल, तर माया कागदावर दुमडून कच्चे टाके घालावेत, मग काठाला काठ लावून बारीक टाक्यांनी जोडावे आणि चहूबाजूंचे तुकडे लागेपर्यंत कागद काढू नये.

रांगोळीचे म्हणाल, तर एका ओळीचे ठिपके दुसरीच्या फटीत येतात, अशा मांडणीला हीच जाळी योग्य आहे. पाच ठिपक्यांपासून नऊपर्यंत चढून पुन्हा पाचपर्यंत उतरल्यास एकसष्ट ठिपक्यांचा षटकोन होतो आणि ते सगळे जाळीच्या छेदबिंदूंवर बसतात. समोरासमोरच्या ठिपक्यांच्या रांगोळीला मात्र साधा चौकटीचा कागद घ्यावा.