विंडोज सॉफ्टवेअरवर 'ही फाइल आमचीच' असं सांगणारी डिजिटल सही (कोड सायनिंग) करताना, सहीची वेळ नोंदवून देणारा टाइमस्टॅम्प सर्व्हर बंद असेल तर बिल्ड (कोडपासून सेटअप फाइल बनवण्याचं काम) थांबवावा, की नुसती सही करून पुढे जावं? आणि सहीची किल्ली असलेल्या यूएसबी टोकनचं काय करावं?

थांबवा. पुढे जाण्याची चूक मी करून बसलोय.

म्हापशात आमचं चार माणसांचं ऑफिस आहे, औषधांच्या दुकानांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर करतो. रात्रीचा बिल्ड अडू नये म्हणून मीच स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलं होतं की टाइमस्टॅम्प मिळाला नाही तर तसाच सही कर. सहीमागचं सर्टिफिकेट (कंपनीची ओळख पटवणारा, ठराविक मुदतीचा डिजिटल दाखला) चालू असेपर्यंत फरक कळतच नाही; ते संपल्यावर टाइमस्टॅम्प असलेलीच सही टिकते. ते संपलं त्याच आठवड्यात फोंड्याहून एका गिऱ्हाइकाचा फोन: "तुमचा सेटअप अननोन पब्लिशर म्हणतो, टाकू की नको?" फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्स उघडून बघितलं, तर टाइमस्टॅम्पच्या रकान्यात 'नॉट अव्हेलेबल'.

आता सही आणि टाइमस्टॅम्प या दोन वेगळ्या पायऱ्या ठेवल्यात. साइनटूल या मायक्रोसॉफ्टच्या सही करायच्या प्रोग्रामची 'साइन' आज्ञा एकदाच चालते, मग 'टाइमस्टॅम्प' आज्ञा वेगळी. सर्व्हर रुसला तर फक्त दुसरी पायरी परत चालवायची, खासगी किल्लीची (सही करायच्या गुप्त किल्लीची) गरजच पडत नाही. आरएफसी ३१६१ हे टाइमस्टॅम्पचं मानक पाळणारे तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे सर्व्हर यादीत ठेवा. सर्टिफिकेट ज्या कंपनीचं, तिचाच सर्व्हर हवा असं काही नाही. तिकडे तुमची फाइल जात नाही, नुसता हॅश, म्हणजे गणिताने काढलेला छोटा ठसा, जातो. दोन प्रयत्नांमध्ये १५-२० सेकंद थांबा, नाहीतर ते तुम्हालाच अडवतील. तिघांनीही दाद दिली नाही तर बिल्ड फेल.

शेवटी साइनटूलची 'व्हेरिफाय' (सही तपासायची) आज्ञा चालवा, 'पीए' आणि 'टीडब्ल्यू' हे दोन्ही पर्याय देऊन. टाइमस्टॅम्प नसेल तर 'टीडब्ल्यू' एरर नाही, नुसती वॉर्निंग देतो, आणि एक्झिट कोड (आज्ञा संपताना मिळणारा आकडा, शून्य म्हणजे सगळं ठीक) १ नव्हे, २ येतो. म्हणून शून्य सोडून काहीही आलं की थांबायचं.

टोकनचंही विचारलंय तुम्ही. १ जून २०२३ पासून कोड सायनिंगची किल्ली हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, म्हणून आमचं यूएसबी टोकन बिल्ड मशीनला लावलेलं असायचं. चवथीला (गणेशचतुर्थीला) मी पेडण्याला घरी, गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायची घाई, आणि नेमकी तेव्हाच तातडीची दुरुस्ती पाठवायची होती. रिमोट डेस्कटॉपने आत शिरलो तर टोकन गायब! तिथे विंडोज बिल्ड मशीनला लावलेलं स्मार्ट कार्ड (टोकन त्यातच मोडतं) न बघता तुमच्या लॅपटॉपचं शोधतं. शेवटी म्हापशाला जाऊन पिन टाकून आलो. त्यानंतर टोकन सोडून नवी किल्ली क्लाउड एचएसएममध्ये (इंटरनेटवरून वापरता येणाऱ्या, किल्ली सांभाळणाऱ्या सुरक्षित हार्डवेअरमध्ये) घेतली. पैसे जातात, पण चवथ घरी होते.

तुमच्या जुन्या रिलीजपैकी ज्यांना टाइमस्टॅम्प नाही, त्यांना सर्टिफिकेट जिवंत आहे तोवर आजच लावून घ्या. संपल्यावर लावलेला चालत नाही. फाइल बदलते, तेव्हा डाउनलोड पानावरचा चेकसमही (फाइल तीच आहे ना, हे पडताळायचा आकडा) बदलायला विसरू नका.