बोर्ड बदलण्याआधी

भावा, कॉम्प्युटरवर गेम नीट चालत नाही, रायझन ५ २६०० प्रोसेसर आणि बी४५० मदरबोर्ड आहे म्हणतोस, आणि दुकानदार सगळंच बदलायला सांगतोय. थांब जरा. आधी गेमचं रेझोल्यूशन कमी करून बघ. एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्सचा आकडा, वाढला नाही तर गाडी प्रोसेसरपाशी अडतेय. भरपूर वाढला, तर ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. मग प्रोसेसरवर पैसे घालू नकोस.

प्रोसेसरच अडत असेल तरी बोर्ड राहू दे. एएम४ सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो तो खाचा, तोच, त्यात रायझन ५ ५६०० बसतो, तुझी डीडीआर४ रॅमही चालते. खिसा परवानगी देत असेल आणि ५७००एक्स३डी मिळाला तर डोळे झाकून घे; त्याची ९६ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी, गेममध्ये खरंच जाणवते. त्याला कूलर मात्र वेगळा घ्यावा लागेल. आणि बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, आधी अपडेट कर, जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. मी उलटं केलं होतं. स्क्रीन काळी, आणि रात्री अकराला थर्मल पेस्ट पुसत बसलो.

नवंच बांधायचं असेल तर नवा सॉकेट एएम५: रायझन ५ ७६०० आणि बी६५० बोर्ड. इथे डीडीआर५च लागते, त्या रॅमचाही खर्च धर. बोर्डवरच्या रंगीत दिव्यांना भुलू नकोस. व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंक आहे का, एसएसडी बसवायचे एम.२ चे दोन स्लॉट आहेत का, ते बघ.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलास तर सीलबंद खोका आणि जीएसटीचं बिल घेऊनच दुकानातून निघ.