एच, वाय, पी आणि झेड ही चारही अक्षरे असलेले लांब इंग्रजी शब्द कसे शोधावेत?

ताई, तुमचा प्रश्न मी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या शाळेत नववीच्या मुलांसाठी तुम्हाला शब्दखेळ घ्यायचा आहे. एच, वाय, पी आणि झेड ही चार अक्षरे कोणत्याही क्रमाने आलेली असतील असे किमान दहा अक्षरी इंग्रजी शब्द तुम्हाला हवे आहेत, शब्दकोश चाळून फारसे काही हाती लागलेले नाही आणि शाळेत इंटरनेटचा भरवसा नाही. मी निपाणी-चिकोडी भागात बरीच वर्षे मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवत आलो आहे आणि शब्दकोडी हा माझ्या आवडीचा विषय आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

शब्दकोश चाळून हाती काही लागत नाही याचे कारण साधे आहे. शब्दकोश पहिल्या अक्षराप्रमाणे लावलेला असतो, आणि तुम्हाला हवी असलेली अक्षरे शब्दाच्या पोटात असतात. त्यामुळे शब्दाची सुरुवात कशाने होते हे न विचारता ही अक्षरे इंग्रजीत आली कुठून, हे आधी विचारावे. इंग्रजीतील बहुतेक लांब शब्द ग्रीक आणि लॅटिनमधून आलेल्या तुकड्यांचे बनलेले आहेत, आणि तुमची चारही अक्षरे ग्रीकची खूण सांगणारी आहेत. ग्रीक शब्द रोमन लिपीत लिहिताना उप्सिलॉन या ग्रीक अक्षरासाठी वाय आला, फाय या अक्षरासाठी पी आणि एच ही जोडी आली, थीटा या अक्षरासाठी टी आणि एच आले. शब्दाच्या शेवटी येणारा आय-झेड-ई हा क्रियापद करणारा प्रत्ययही मुळात ग्रीकच आहे. म्हणून ही चार अक्षरे योगायोगाने एकत्र येत नाहीत. ती एकाच घराण्यातील आहेत, आणि शोधही त्याच घराण्यात घ्यायचा.

चारांपैकी सर्वांत दुर्मीळ अक्षर झेड आहे, तेव्हा सुरुवात त्याच्यापासून करावी. लांब शब्दांत झेड बहुतेक वेळा आय-झेड-ई या प्रत्ययातून किंवा त्याच्या आय-झेड-आय-एन-जी, आय-झेड-ए-टी-आय-ओ-एन अशा रूपांतून येतो. एकदा झेड शेवटाला बसला की उरलेली तीन अक्षरे मूळ शब्दात असली पाहिजेत. मुलांना वहीत ‘सिंपथी’चे स्पेलिंग लिहायला सांगा: एस, वाय, एम, पी, ए, टी, एच, वाय. यात वाय दोनदा आहे. प्रत्यय लावताना शेवटचा वाय गळतो, परंतु दुसऱ्या जागेवरचा वाय तसाच राहतो, आणि ‘सिंपथाइझ’ हा बरोबर दहा अक्षरांचा, चारही अक्षरे असलेला शब्द तयार होतो. आता हेच ‘फिलॉसॉफी’ला करून पाहा. तिथे वाय एकच आहे आणि तोही शेवटी, त्यामुळे ‘फिलॉसॉफाइझ’ होताना तो गळून जातो आणि बाकीची तिन्ही अक्षरे असूनही शब्द बाद होतो. मुलांना हा फरक एकदा डोळ्यांनी दिसला की ती पुढचे शब्द स्वतःच तपासू लागतात. ‘हायपोथेसिस’वरून ‘हायपोथेसाइझ’ हा ११ अक्षरांचा शब्द मिळतो. ‘हिप्नोटाइझ’ नऊ अक्षरांचा असल्यामुळे अपुरा पडतो, पण त्याचे आय-एन-जी रूप ११ अक्षरांचे होते. सर्वांत सुंदर शब्द म्हणजे ‘फोटोसिंथेसाइझ’: पूर्ण १५ अक्षरे, म्हणजे स्क्रॅबलच्या १५ बाय १५ घरांच्या पटावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाईल असा, आणि नववीच्या विज्ञानाच्या मुलांना अर्थाने अगदी ओळखीचा. प्रत्ययाच्या बाहेर झेड असलेला एक शब्द म्हणजे ‘स्किझोफ्रेनिकली’, १७ अक्षरांचा. परंतु तो एका आजाराच्या नावावरून आलेला असल्यामुळे मी मुलांच्या खेळात घेणार नाही.

आपल्या मुलांची खरी अडचण वेगळी आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. मराठी माध्यमातील मूल इंग्रजी शब्द कानाने आणि देवनागरीने लक्षात ठेवते. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या उच्चाराला धरून चालतात, इंग्रजी स्पेलिंग तसे चालत नाही. ‘फ’ ऐकू आला की मूल एफ शोधते, आणि तिथेच पी आणि एच ही दोन हवी असलेली अक्षरे लपलेली असतात. ‘सायकॉलॉजी’च्या सुरुवातीचा पी तर ऐकूच येत नाही. म्हणून खेळापूर्वी एक तास फक्त यासाठी द्यावा: एका ध्वनीमागे कोणती अक्षरे दडू शकतात, ते फळ्यावर मांडावे. बेळगावात त्यासाठी साहित्य रस्त्यावरच आहे. दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘फिजिओथेरपी’ दिसते, ती १३ अक्षरांची आहे आणि तीत झेड सोडून तिन्ही अक्षरे आहेत. उद्यमबागेत ‘हायड्रॉलिक्स’च्या पाट्या आहेत, त्यात एच आणि वाय शेजारी-शेजारी आहेत. मुलांनी असे शब्द पाहून स्पेलिंगसह वहीत उतरवून आणले, तर शब्दकोशापेक्षा जास्त उपयोग होतो.

शाळेत संगणक असेल तर इंटरनेटशिवायही काम होते. शब्दांची साधी यादी, एका ओळीत एक शब्द अशी, पेन ड्राइव्हवर आणून ठेवावी. लिनक्स किंवा मॅक असेल तर ‘ग्रेप’ ही आज्ञा वापरता येते: आधी झेड असलेल्या ओळी वेगळ्या काढायच्या, उरलेल्यांतून वाय असलेल्या, मग एच, मग पी, आणि शेवटी सलग दहा टिंबे दिली की दहा किंवा अधिक अक्षरांच्या ओळीच शिल्लक राहतात, कारण एक टिंब म्हणजे कोणतेही एक अक्षर. या चाळण्यांचा क्रम बदलला तरी उत्तर तेच येते. यादी कोणती हे मात्र महत्त्वाचे आहे. मॅकमध्ये असलेली यादी वेबस्टरच्या १९३४ च्या मोठ्या कोशावरून घेतलेली आहे. तीत सुमारे २ लाख ३५ हजार शब्द आहेत, पण त्यांतले कित्येक आज कोणी वापरत नाही आणि अनेकवचने व आय-एन-जी रूपे बहुतांशी नाहीत. शब्दखेळांसाठी ‘एनेबल’ नावाची, सुमारे १ लाख ७२ हजार शब्दांची मुक्त यादी आहे, ती तुमच्या कामाला अधिक योग्य आहे.

अक्षरे बदलली तर घराणेही बदलते. क्यू हवा असेल तर यू बहुधा फुकट मिळतो, आणि क्यू व झेड दोन्ही हवे असतील तर ‘सोलिलोक्वाइझ’ आणि १३ अक्षरांचा ‘व्हेंट्रिलोक्वाइझ’ आहेत. के आणि डब्ल्यू ही इंग्रजीच्या मूळ जर्मानिक शब्दांची अक्षरे आहेत. तिथे ग्रीक तुकडे उपयोगी पडत नाहीत, ‘नॉलेज’सारख्या शब्दाला मागेपुढे जोडत जावे लागते, जसे १५ अक्षरांचे ‘अॅक्नॉलेजमेंट’, ज्याच्या ब्रिटिश स्पेलिंगमध्ये जीनंतरही ई आहे. जे हवा असेल तर ‘ऑब्जेक्ट’, ‘सब्जेक्ट’ यांच्या लॅटिन कुटुंबात जावे.

केवळ लांबी पाहून शब्द निवडू नये, हेही आग्रहाने सांगतो. इंग्रजी कोशांतला ४५ अक्षरांचा प्रसिद्ध शब्द, ‘न्यूमोनो’ने सुरू होणारा आणि फुप्फुसाच्या आजाराचे नाव म्हणून दिला जाणारा, १९३५ साली अमेरिकेतील नॅशनल पझलर्स लीग या कोडेप्रेमींच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी मुद्दाम सर्वांत लांब व्हावा म्हणून घडवला. एवढ्या लांबीतही तुमच्या चार अक्षरांपैकी त्यात फक्त पी आहे.

शेवटची गोष्ट उत्तरपत्रिकेची आहे, आणि ती खेळाआधीच ठरवावी लागेल. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत हे क्रियापद-प्रत्यय बहुधा आय-एस-ई असे छापलेले असतात, त्यामुळे मुलाच्या पुस्तकातील ‘सिंपथाइझ’मध्ये झेड नसेलच. ऑक्सफर्डचा कोश मात्र आय-झेड-ई हेच रूप आधी देतो, तेव्हा झेडचे स्पेलिंग अमेरिकी म्हणून चूक ठरवण्याचे कारण नाही. अपवाद ‘सायकोअॅनालाइझ’सारख्या शब्दांचा आहे. त्यात चारही अक्षरे आहेत, अक्षरे १३ आहेत, पण वाय-झेड-ई हे रूप अमेरिकीच आहे आणि ऑक्सफर्डही तिथे एसच लिहितो. असा शब्द कोणी आणला तर गुण द्यायचे की नाहीत, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.