शब्दचर्चा: भेसळ, सरमिसळ की विजोड शेजार?

मालवणहून प्रश्न आला आहे: मोबाईलवर लग्नातल्या नाचाची रील, अंगठा सरकवला की गाझातले ढिगारे, पुन्हा सरकवला की सोलकढीची कृती. या प्रकाराला मराठीत काय म्हणावं? सुचवलेले शब्द तीन: भेसळ, सरमिसळ, काला.

भेसळ सरळ बाद. भेसळीत एक माल अस्सल, दुसरा हलका आणि घालणाऱ्याच्या मनात लबाडी. इथे नाचही खरा, ढिगारेही खरे. (जुनी चित्रफीत आजची म्हणून फिरवली, तर मात्र भेसळच म्हणा.)

सरमिसळ जवळ जाते, पण पोचत नाही. दोन घरांची कागदपत्रं सरमिसळ झाली, म्हणजे कोणता कागद कोणाचा ते कळेना. रील पाहताना असं होत नाही. प्रत्येक गोष्ट स्वच्छ वेगळी दिसते, आणि म्हणूनच बोचते.

काला तर उलट्या बाजूचा शब्द. पोहे, दही, लोणचं, मिरची एकमेकांची चव वाढवतात. तळकोकणात दशावताराच्या रात्रीलाही दहीकालो म्हणतात, कारण पहाटे दहीहंडी फुटते. त्या रात्रीत सगळंच असतं: आधी संकासुराची मालवणी थट्टा, मग आख्यानात युद्ध, शोक. प्रेक्षकाला खटकत नाही, कारण मध्ये सांधा असतो. पात्र आत जातं, बाकडं रिकामं राहतं, पेटी सूर बदलते, झांज थांबते. तेवढ्या वेळात हसू ओसरतं.

सांधा नसला की बसणाऱ्या खटक्याला काव्यशास्त्रात नाव आहे: रसविरोध. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथाच्या तिसऱ्या उद्द्योतात, म्हणजे प्रकरणात, त्याची चर्चा केली आणि उपायही दिला: दोन विरोधी रसांच्या मध्ये तिसरा घाला, विरोध मावळतो. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त तर हास्याचे विरोधक म्हणून करुण आणि भयानक यांची नावंच दिली आहेत. मोबाईलवर हा मधला रस गायब. तुम्ही कशावर किती वेळ थांबाल या अंदाजाने क्रम लागतो. मागच्या-पुढच्याचा भाव जुळवणं हे त्याचं कामच नव्हे. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये काळाचा क्रम सोडला, पण तो टिकला असता तरी खटका गेला नसता. नाच आणि ढिगारे एकाच मिनिटाला आले, तर काळाच्या क्रमातही शेजारीच बसणार.

‘रसभंग झाला’ किंवा ‘विरजण पडलं’ हे मात्र इथे जपून. ‘बॉम्बहल्ल्याच्या बातमीने रसभंग झाला’ असं म्हटलं की नाच मुख्य ठरतो आणि मेलेली माणसं व्यत्यय. बोलणाऱ्याच्या मनात ते नसतं, पण शब्द ते बोलून जातो.

म्हणून लेखात ‘रसविरोध’ लिहावं; रोजच्या बोलण्यात मला ‘विजोड’ पटतो. विजोड जोडप्यात दोष एकट्या कोणाचा नसतो, जोडीचा असतो. इथेही मिसळलं काहीच नाही, नुसतं शेजारी बसवलंय. ‘युद्ध आणि सोलकढी, काय विजोड शेजार हा!’ असं वाक्य वेंगुर्ल्याच्या बाजारातही कोणाला समजावून द्यावं लागणार नाही.

जाता जाता: सुताचं ते रीळ, अनेकवचन रिळं. मोबाईलवरची बहुतेकांच्या तोंडी ‘ती रील’. दोन्ही राहू द्यावीत, गल्लत होत नाही.