आईच्या खात्यात योजनेचे पैसे येतात, तरी हातात काही उरत नाही. तिला हिशोब कसा शिकवावा?

तुम्ही लिहिलंय की गावाकडे आईला लाडकी बहीणचे महिन्याला १५०० मिळतात, तरी महिनाअखेरीस हात रिकामाच. पण एवढ्यात घर ओढणाऱ्या बाईला हिशोब येतो हो. मी उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटांचं काम करते. मला बहुतेक घरांत दिसतं ते असं, की पैसे खात्यात पडायच्या आधीच कुणाला तरी द्यायचे ठरलेले असतात.

म्हणून आधी उधारी किती आहे ते विचारा. हळूच, चारचौघांत नको. कुणाकडून शेकडा पाचने १०,००० घेतले असतील तर महिन्याला ५०० नुसतं व्याज. १५०० मधला तिसरा हिस्सा तिथेच गेला, आणि मुद्दल जागच्या जागी. तीच रक्कम गटातून शेकडा दोनने मिळाली, तर व्याज २०० वर येतं आणि वाचलेले ३०० मुद्दलात घालता येतात. शेकडा पाचचं देणं डोक्यावर असताना "बचत कर, बचत कर" म्हणून तिच्या मागे लागू नका. आधी ते फेडू द्या.

मग पासबुक भरून आणा आणि दोघं मिळून एकेक ओळ वाचा. मे-जूनच्या सुमारास ४३६ आणि २० रुपये कापलेले दिसले तर घाबरू नका. ते बहुधा जीवनज्योती आणि सुरक्षा विम्याचे वर्षाचे हप्ते असतात. पहिल्यात मृत्यू झाल्यास २ लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यू झाल्यास २ लाख. वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय ते बँकेत विचारून घ्या. घरात कुणाला माहीतच नसतं, म्हणून हक्काचे पैसे मागायचे राहून जातात. याचं मला फार वाईट वाटतं.

एखादा महिना आलाच नाही असं वाटलं, तर आईचं दुसरं खातं आहे का बघा. थेट लाभाची रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या बँकेत जाते. नवीन खातं उघडताना आधार जोडलं गेलं की पैसे तिकडे वळतात आणि बाई जुन्या बँकेत चकरा मारत राहते.

आणि आई पैसे आधारवर अंगठा लावून काढत असेल तर एवढं नक्की सांगा: पैसे देणारा "सर्व्हर डाऊन आहे, परत लावा" म्हणाला तरी आधी पावती मागायची. व्यवहार फसल्याचीही पावती निघते. खात्यातून रक्कम वजा झाली आणि हातात आली नाही, तर तक्रार करताना तोच कागद कामाला येतो.